तिसऱ्या दिवसाची घागर

"औषध आहे का नाही, तेवढं सांग बी."

धुरपताबाई उभ्यानंच बोलली. चार लेकरांची आई, घरात तिचा शब्द चाले. सुईणीच्या पायरीवर बसणं तिला कमीपणाचं वाटत होतं.

नूरबी सुईण बाजरी पाखडत होती. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातावर जन्मलेल्या. मी तिची शेजारीण, तिथंच बसले होते, म्हणून हे कानानं ऐकलेलं.

"कुणाला औषध?"

"सुनेला. शिंकली की लुगडं भिजतं. आता तर आतलं अंगही खाली यायला लागलंय. लेक म्हणतो, माहेरी नेऊन घाल, दुसरी बघू."

"दुसरीला शिंक येत नाही वाटतं."

धुरपताबाईनं पदर सावरला.

"बाळंतपणाला किती झालं?"

"दोन महिने. काही कमी केलं नाही मी. शेक दिला, डिंकाचे लाडू दिले, पोट बांधलं."

"आणि पाण्याला कधी धाडलीस?"

"पाचवी पुजली आणि धाडली. निजवून ठेवायची होय? मी तर तिसऱ्या दिवशी दोन घागरी आणल्या होत्या. मला नाही काही झालं."

नूरबीनं सूप खाली ठेवलं.

"औषध नाही. तीन महिने तिनं घागर उचलायची नाही. लघवी आवरून धरतो तसं अंग आत ओढायचं, पाच मोजायचे, सोडायचं. दिवसातून तीनदा, निजल्या निजल्या. आणि तालुक्याच्या डॉक्टरीणबाईला दाखव."

"मग तीन महिने पाणी काय तू भरणार?"

"तू भर."

धुरपताबाई हसली.

नूरबी उठली. रांजणाजवळची भरलेली घागर ओढत ओढत आणून तिच्यापुढं ठेवली.

"उचल."

धुरपताबाई वाकली. काठाला हात घातला... आणि तशीच राहिली.

मग हात काढून घेतले. गुडघ्याला गुडघा दाबून ती हळूच पायरीवर बसली.

"कंबर धरते माझी."

नूरबी तिच्याशेजारी टेकली.

"कंबर..." धुरपताबाईचा आवाज बारीक झाला. "कंबर नाही."

"किती वर्षं झाली?"

"थोरला झाला तेव्हापासून."

"कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलणार..."

मग तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते, पण लालबुंद.

"थोरला तुझ्याच हातचा ना बी? मग हे सगळं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," नूरबी म्हणाली. "तुझ्या सासूला."