फुलपाखरांचा कडा

त्या राज्यातून समुद्रापलीकडचे बेट दिसत नसे. बेटावर काय चालले आहे ते फक्त राज्यातल्या एका कड्यावर दिसे. कडा फुलपाखरांनी भरलेला होता. बेटावर खेळ सुरू झाला की ती पंख उघडत, मिटत, आणि त्यांच्या रंगांतून खेळणाऱ्यांची चित्रे हलू लागत. लोक समोरच्या टेकडीवर बसून ती पाहत.

जो जिंकेल त्याने बेटावरच राहायचे, असा नियम होता. साळू आणि रंगनाथ यांचा मुलगा हैबती वर्षानुवर्षे जिंकत होता. "भाग्यवान आहात," शेजारी म्हणत. साळूला एवढेच पाहायचे होते, की जिंकल्यावर तो हसतो का. टेकडीवरून तो करंगळीएवढा दिसे.

"अहो, मी जरा पुढे जाते," ती एकदा म्हणाली.

"इथून सगळं दिसतंय की."

"सगळं दिसतंय. तो दिसत नाही."

ती उतरून ओढ्यापाशी आली. तिथून मुलाचा चेहरा स्पष्ट दिसला. कपाळावर आठी होती. ती तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती. साळू रडली, आणि दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून आणखी पुढे गेली. तिथे चेहरा मोठा झाला आणि फुटला. डोळ्याच्या जागी चारदोन काळे पंख, ओठांच्या जागी थोडे तांबडे. मुलगा नव्हताच.

"तुम्ही फार मोठी आहात," ती फुलपाखरांना म्हणाली. "तुमच्यात माझा मुलगा मावत नाही."

फुलपाखरांना ते लागले. इतक्या जवळ येऊन त्यांच्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते. त्यांनी आपल्या जागा सोडल्या आणि तिथे आपल्या लहान भावंडांना दाटीने बसवले.

टेकडीवरच्या कोणालाच फरक कळला नाही. साळूला मात्र हैबतीच्या पापण्या दिसल्या. मग पापण्या पुरेनाशा झाल्या. ती पुढे सरकली, आणि चेहरा पुन्हा फुटला. आणखी बारीक फुलपाखरे आली. ती आणखी पुढे सरकली.

रंगनाथ भाकरी घेऊन ओढ्यापर्यंत आला. "साळू, मागे ये. इथून बघ, किती छान दिसतोय."

"तुम्ही बघा," ती मान न वळवता म्हणाली. "मला त्याच्या गालाला हात लावायचाय."

"अगं, तो तिथे नाही."

"मग तुमच्यापाशी आहे का?"

फडक्यात बांधलेली भाकरी मांडीवर ठेवून रंगनाथ ओढ्याकाठी बसून राहिला.

शेवटी साळू कड्याच्या पायथ्याशी पोहोचली. आता फुलपाखरे मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती, त्याहून लहान कोणी उरले नव्हते. गाल कुठे असेल याचा अंदाज घेत तिने हात वर केला आणि तळवा अलगद टेकवला.

त्याच क्षणी टेकडीवरून आरोळी उठली. हैबती जिंकला होता. लोक नाचू लागले. मागून रंगनाथचा आवाज आला, फाटलेला, आनंदाने रडणारा.

"साळू! हसला गं! अगं, हसला बघ!"

साळूने चटकन वर पाहिले. तिच्या डोळ्यांसमोर असंख्य पंख एकदम उघडले, आणि त्यांच्या वाऱ्याने तिच्या कपाळावरचे केस हलले.