गुन्हेगार शोधणारी मांजरी

फार मागे वैरंभ नगरात अरिंदम राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका गरीब घरात जन्मले होते आणि मांजरं शिकवून पोट भरत होते. त्या जन्मीचं त्यांचं नाव सोमिल. मांजर काही शिकत नाही, असं लोक ठासून सांगतात. शिकतं, पण आपल्या मर्जीनं. मारलं तर निघून जातं, ओरडलं तर शेजारच्या घरी जेवायला लागतं. सोमिल हातात सुक्या मासळीचे तुकडे घेऊन बसे आणि मांजरानं हवं ते केलं की त्याच क्षणी तुकडा देई. अशा रीतीनं त्याची मांजरं हाकेला येत, सांगितलं की बसत, वेताच्या कड्यातून उड्या मारत. त्याची पिंगी तर धनी ज्याच्याकडे बघेल त्याच्यासमोर जाऊन बसायची. राजाला ती आवडली आणि त्यानं मागून घेतली. राजाला नाही कोण म्हणणार?

राजा वाईट नव्हता हो, पण भारी संशयी. थोरला भाऊ विषानं गेला, तेव्हापासून त्याच्या मनात सतत पाल चुकचुकायची. कुणी खोकलं तरी का खोकला, याची चौकशी. अन्न चाखणाऱ्या माणसाला त्यानं कधीच काढून टाकलं होतं, कारण झाकण उघडायची संधी त्यालाच मिळते. स्वयंपाकघरात तर सक्त ताकीदच होती, की राजाच्या पानातलं काहीही कुणी जिभेला लावायचं नाही. स्वतःच्या आईच्या हातचं जेवणही त्यानं वर्षभरापूर्वी सोडलं होतं.

एकदा दरबारात त्याची अंगठी सापडेना. विड्याचं तबक धरणारा म्हातारा समोर उभा होता, राजा त्याच्याकडे रोखून बघत होता. पिंगी उठली आणि म्हाताऱ्यासमोर जाऊन बसली. राजा चकित झाला, त्यानं तिला मासळी दिली आणि म्हाताऱ्याला हद्दपार केलं. मग आणखी दोघे गेले. दर वेळी राजाला ज्याचा संशय, नेमका तोच निघे, आणि राजाला वाटे, माझं मन मला खरंच सांगत होतं. दरबार तर पार धास्तावून गेला. जो हसे त्याचं हसणं लोकांना खुपे, जो गप्प बसे त्याचं गप्प बसणं.

अशात एके दिवशी राजाच्या तोंडात कोशिंबिरीचा घास कडू लागला. त्यानं तो थुंकला आणि आचारीणबाईंना बोलावलं. विमलिका तिचं नाव, वीस वर्षं त्याच चुलीपुढे काढलेली विधवा बाई. पिंगी तिच्यासमोर बसली. झालं, उद्या दुपारी सुळावर द्यायचं ठरलं.

त्याच दिवशी राजानं सोमिलला बोलावून सांगितलं, की अशा आणखी सात मांजरी तयार कर, वेशीच्या प्रत्येक दारावर एकेक हवी. बदल्यात एक गाव इनाम देतो. पिंगीनं कुणाकुणाला धरून दिलं, ते सोमिलनं लोकांकडून विचारून घेतलं. पिंगीला नजर ओळखायला शिकवलं होतं त्यानंच. तो स्वयंपाकघरात गेला, तिथं अर्धी काकडी अजून पडून होती. त्यानं चाखली. कडूजहर! पण राजासमोर काकडी धरून काय उपयोग? हाही त्या बाईला सामील, असंच तो म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी विमलिकेला दरबारात उभं केलं, पिंगी तिच्यापुढेच बसली होती. ती रडत नव्हती, नुसती पदराचं टोक पिळत होती. सोमिल जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"महाराज," तो म्हणाला, "तुमच्या पानात कडू काय होतं, ते मला ठाऊक आहे. ते कुणामुळे आलं, तेही ठाऊक आहे. पण मांजरी पुन्हा एकदा कुणासमोर बसल्याशिवाय मी सांगणार नाही."

राजाची नजर गर्रकन त्याच्याकडे वळली. पिंगी विमलिकेजवळून उठली आणि सोमिलच्या पायाशी बसली. शिपाई पुढे सरसावले.

"आता सांगतो," सोमिल म्हणाला. "काकडी कडू होती. चिरताना बाईंनी तुकडा तोंडात टाकला असता तर तिथंच कळलं असतं. चाखायचं नाही, ही आज्ञा तुमची. आणि मांजरीला गुन्हा कळत नाही महाराज, तिला मासळी कळते. तुम्ही ज्याच्याकडे बघता, त्याच्यासमोर ती बसते. खोटं वाटत असेल तर ज्याच्यावर तुमचा मुळीच संशय नाही, अशा माणसाकडे बघा."

राजा बराच वेळ गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. असा माणूस त्याला सापडेना. शेवटी त्यानं जाळीमागे बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं. पिंगी चालत गेली आणि जाळीसमोर बसली.

राजमाता म्हणाली, "बाळा, माझ्या हातचं जेवण सोडलंस, तेव्हाच तुझ्या संशयाची ही मांजरी माझ्यासमोर येऊन बसली होती रे."

राजाला रडू कोसळलं. त्यानं सर्वांदेखत विमलिकेची क्षमा मागितली, ताकीद मागे घेतली आणि हद्दपार केलेल्यांना आणायला माणसं धाडली. दोघे परत आले. तबक धरणारा म्हातारा वाटेतच वारला होता. सोमिलनं इनाम घेतलं नाही. त्यानं पिंगीला घेतलं आणि तो त्या म्हाताऱ्याच्या मुलीकडे गेला. "मांजरी मी शिकवली होती," तो तिला म्हणाला. तिनं दार लावून घेतलं. तो संध्याकाळपर्यंत उंबऱ्याबाहेर बसून राहिला.

इतकं सांगून भिक्खूंचे गुरू शास्ता थांबले. विहारात एकाचं भिक्षापात्र हरवलं होतं आणि सुलोम नावाचा भिक्खू सकाळपासून सगळ्यांच्या झोळ्या तपासत होता. त्याच्यासाठीच ही गोष्ट होती. शास्ता म्हणाले, "सुलोमा, तो राजा तू होतास. विमलिका म्हणजे आपल्याला रोज कण्यांची पेज वाढणारी उपासिका तिलका, आज सकाळी जिची टोपली तू उलटी केलीस. राजमाता त्या जन्मीही तुझी आई होती आणि या जन्मीही तीच आहे. मांजरं शिकवणारा तो मीच."

सुलोम खाली मान घालून उठला आणि तिलकेच्या घराकडे निघाला. दुसऱ्याचा जीव वाचवायला स्वतः संशयाखाली उभं राहणं आणि आपली चूक आपल्या तोंडानं कबूल करणं, या करुणेची ही कथा आहे.