धुळोजीची मूठ

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत. घसा बसलाय, तरी सांगतो. मधे कुणी बोलायचं नाही.

एका राज्यात धुळोजी नावाचा म्हातारा होता. जमीन काळीभोर, पोटी मूलबाळ नाही. राजाचा दंडक असा, की गुडघे थकले म्हणजे मूठभर बी नव्या माणसाच्या ओंजळीत सोडावं. मग रान त्याचं. धुळोजीनं कुंभाराची केवळा निवडली. तिनं ओंजळ धरली, पण मूठ उघडेना. त्या रानाला एका मांत्रिकाचा शाप होता. देणाऱ्याचं मन मागं राहिलं, की मूठ मिटेल आणि रान दगड होईल.

आधी बांध दगड झाला, मग चिंचेखालचा तुकडा. धुळोजी झोपेतून उठून पायानं माती चाचपायचा. मऊ लागली, की तेवढ्यापुरता जीव खाली पडायचा.

बांधावरची टिटवी म्हणाली, "पाणी दे, तिफण दे. तिसरं तुझ्या तोंडात आहे, तेही दे."

त्यानं केवळाला जमिनीखालचा झरा दाखवला. एक बोट सुटलं. बापाच्या हातची पेरणीची तिफण दिली, दुसरं सुटलं. तोंडात आहे म्हणजे अक्कलच असणार, असं समजून तो तिला दिवसभर शिकवत सुटला. बोटं उलट आवळली. दगड विहिरीला भिडला.

निदान माती हलती राहावी म्हणून केवळानं रिकामीच तिफण जुंपली. मातीत फाळाची ओळ उमटली, पण ते पहिलं तास वाकडं गेलं.

"वाकडं चाललंय," धुळोजी ओरडला. दगड हातभर सरकला.

दुसरं तास. "बैल दाब डावीकडं, कुंभारणी. हे मडकं नव्हे." दगड बैलाच्या खुराला टेकला.

केवळा थांबली. "तात्या, रान मला देताय, का माझ्या हातून तुम्हीच कसताय?"

तिसरं तास तर सापासारखं गेलं. शब्द धुळोजीच्या ओठांवर आला. त्यानं दातांनी ओठ धरला. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड मिटलेलंच राहिलं.

आणि मूठ उघडली. घामानं आतलं बी मोडावलं होतं. त्यानं ते केवळाच्या ओंजळीत सोडलं. दगड तडकला, त्याची माती झाली.

पीक वाकड्या ओळींत उगवलं, पण कणसं भरली. धुळोजी बांधावर बसून टिटवीशी बोले, केवळाशी नाही.

तोंड कधी मिटावं हे त्याला उशिरा का होईना, कळलं. मागल्या खेपेला ह्याच गोष्टीत जो "टिटवी कुठं बोलते होय?" म्हणून खिदळला, त्याला अजून कळलेलं नाही. माफी यायची आहे, इरबा सुताराची.