दुहेरी पोस्टकार्ड

“पण उस्ताद, चुकलं कुठं? तीनदा हेड उतरवलं, तीनदा नवा व्हॉल्व्ह घातला. तीनदा तोच जळला!”

नुकताच काढलेला जळका व्हॉल्व्ह दस्तगीर मिस्त्रींनी उजेडाकडं धरला, एक डोळा मिटला आणि कडेला पडलेल्या खाचेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

“चा घेनार?” ते म्हणाले.

आता दिगंबर शेडगे पहाटे पुण्याहून निघून, तीन सिलिंडरवर लंगडणारी गाडी हाकत मल्हारपेठेच्या फाट्यावर उस्तादांच्या शेडवर आले होते, ते काय चहासाठी? पण उस्तादांपुढं बोलणार कोण!

पुण्यात शेडग्यांपुढंही कुणी बोलत नसे. मोठं वर्कशॉप, हाताखाली चाळीस माणसं, व्हॉल्व्हची बैठक कापायचं मशीन परदेशातून आणलेलं. शेडग्यांनी लावलेलं इंजिन म्हणजे कसं, चालू गाडीच्या बॉनेटवर रुपया उभा करा, पडायचा नाही. चालू आहे की बंद, हे गिऱ्हाईक वाकून बघायचं. आणि असल्या माणसाला एका म्हाताऱ्या ॲम्बॅसिडरनं पाणी पाजलं होतं.

गाडीही साधीसुधी नव्हती. ती पाटणच्या डॉक्टरीणबाईंची. बाई गेल्यावर गोठ्यात कडब्याखाली बारा वर्षं पडून होती. शेडग्यांनी ती हुडकून काढली, कारण आयुष्यात पहिलं हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, त्यांनी उतरवलं ते हिचं. ह्याच शेडखाली, ह्याच फणसाच्या सावलीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

आणि त्यानंतर आठच दिवसांत उस्तादांनी त्यांना हाकलून दिलं होतं.

हो, हाकलून. शेडगे हाच शब्द वापरत. त्यांच्या बायकोला ती सगळी कहाणी तोंडपाठ होती.

कहाणी अशी. इंजिनात आठ व्हॉल्व्ह, म्हणजे आठ झडपा. प्रत्येक झडप आपापल्या बैठकीवर आपटून आपटून तिथंच मुरलेली असते. एकीची जागा दुसरीला चालत नाही. म्हणून शहाणा मिस्त्री पुठ्ठ्याला आठ भोकं पाडतो, नंबर घालतो आणि काढलेले व्हॉल्व्ह ओळीनं त्यात खोचून ठेवतो. आमच्या दिग्यानं काय करावं? आठही एका घमेल्यात ओतले आणि रॉकेलनं चकचकीत धुऊन काढले. वर उस्तादांना हाक मारली, बघा किती स्वच्छ!

उस्ताद दोन दिवस मांडी घालून जोड्या जुळवत बसले. एका शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी दिग्याची पिशवी भरली, वर पान्यांचा एक गुंडाळा ठेवला आणि त्याला पुण्याच्या एसटीत बसवलं.

“उद्यापासनं यायचं न्हाय.” एवढंच.

बिनबापाचं पोर ते. जेवायचं उस्तादांच्या घरी, निजायचं गॅरेजात. परत जायला दुसरं दार नव्हतं. पुण्यातून त्यानं पोस्टकार्डं लिहिली. एक नाही, दोन नाही, एकोणीस. ‘उस्ताद, चूक झाली. परत येऊ का?’

एकाचंही उत्तर आलं नाही.

मग दिग्यानं दात-ओठ खाऊन एक ठरवलं. यापुढं आपल्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा सोडायची नाही. त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती. दिग्याचे शेडगेसाहेब झाले, डोक्यावरचे केस गेले, पण ते एकोणीस कागद छातीत तसेच रुतून होते.

खरं तर शेडगे दोन प्रश्न घेऊन आले होते. व्हॉल्व्हचा त्यातला सोपा.

चहा आला. तोच पितळी पेला, कड चेपलेला. शेडला वासही तोच, रॉकेलचा, जळक्या ऑइलचा आणि पिकल्या फणसाचा. फांदीला इंजिन उचलायची साखळी अजून लोंबत होती, गंजून लाल झालेली. भिंतीवर पान्यांची चित्रं काढलेली होती, ज्याचा पाना त्याच्या चित्रावर टांगायचा अशी उस्तादांची शिस्त. त्यातली सात चित्रं मोकळीच होती. शेडगे त्या मोकळ्या चित्रांकडं बघत राहिले. दहा-अकराचा, बारा-तेराचा… हे पाने त्यांच्या ओळखीचे होते. ते पुण्यात होते, त्यांच्याच कपाटात.

“बाह्या सार वर,” उस्ताद म्हणाले.

हेड बाकावर उलटं पडलं होतं. शेडग्यांनी नवा व्हॉल्व्ह बैठकीवर ठेवला, कडेला घासायचा मसाला लावला आणि रबरी वाटीची काठी दोन्ही तळव्यांत धरून फिरवू लागले. रवीनं ताक घुसळावं तशी. वीस वर्षांत त्यांनी हे हातानं केलं नव्हतं. पहिल्यांदा खरखर आली. मग कुरकुर. मग नुसता श्वासासारखा आवाज.

“थांब,” उस्ताद म्हणाले. डोळे मिटून ऐकत होते ते.

मग उलट्या हेडच्या खळग्यात रॉकेल ओतलं. झडप नीट बसली असेल तर ते खाली झिरपत नाही. शेडग्यांनी घड्याळात बघितलं.

“किती वेळ ठेवायचं?”

“चा पिऊन हुईस्तवर.”

“चहा तर झाला.”

“मग दुसरा मागीव.”

दुसरा चहा आला, संपला. रॉकेल होतं तिथंच होतं. थेंब गळला नाही.

“बैठक चांगलीच हाय,” उस्ताद म्हणाले. “तुज्या मशीननं झ्याक कापलीया. खोट तितं न्हाय.”

“मग कुठं?”

“हेड चढीव.”

दुपार कलली तेव्हा हेड जागेवर बसलं होतं. राहिले होते टॅपेट. झडपेचा दांडा आणि त्याला दाबणारा दट्ट्या यांच्यामध्ये थोडी फट ठेवायची असते. ती लावणं म्हणजे टॅपेट लावणं.

“तू लाव,” उस्ताद म्हणाले. “पुन्यात लावतोस तसं.”

शेडग्यांच्या अंगात हुरूप आला. इथं तर त्यांचा हात धरणारा पैदा व्हायचा होता! त्यांनी खिशातलं, फट मोजायच्या फीलर गेजचं बारीकातलं बारीक पातं काढलं, आठही टॅपेट कसले आणि स्टार्टर मारला. इंजिन लागलं. आवाज म्हणून नाही. शेडग्यांनी रुपया काढून बॉनेटच्या कडेवर उभा केला. उभा राहिला.

“बघा, उस्ताद!”

उस्तादांनी रुपया उचलला, स्वतःच्या खिशात टाकला, बॉनेट उघडलं आणि पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावली. बराच वेळ…

“काय ऐकू येतं?”

“काहीच नाही,” शेडगे अभिमानानं म्हणाले.

“आनि तुला भ्या वाटत न्हाय?”

शेडग्यांचा चेहरा उतरला.

“बंद कर. गार हुंदे.”

इंजिन गार होईपर्यंत दोघं फणसाखाली बसले. मग उस्ताद उठले, खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवलेल्या तारेतून एक जुनं पोस्टकार्ड सोडवलं आणि कात्रीनं त्याच्या कडेची बारीक पट्टी कापली. पट्टी मधोमध दुमडली.

“ही घाल. येवढी फट ठेव.”

“एवढी? उस्ताद, वाजेल की हो!”

“वाजूं दे.”

“गिऱ्हाईक शिव्या देईल!”

“देऊं दे. वाजतुया तवर जित्ता हाय. वाजायचा थांबला की जळाया लागला.”

शेडगे पाना हातात घेऊन उभेच राहिले. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच? तापलं की लोखंड वाढतं. फट नसेल तर वाढलेल्या दांड्याला जागा उरत नाही, झडप केसभर उघडी राहते आणि तेवढ्यातून जाळ घुसतो. आपल्या पोरांना त्यांनी हे शंभरदा शिकवलं होतं. नव्या गाड्या ती फट आपल्या आपण सांभाळतात, ह्या म्हातारीला ती हातानं द्यावी लागते, हेही माहीत होतं. पण आवाज आला की कुणीतरी बोट ठेवणार, ही धास्ती! त्या धास्तीपायी हात दर वेळी आपोआप आवळत गेला होता. शेडग्यांना स्वतःची लाज वाटली.

ते टॅपेटवर वाकले. पट्टी आत सरकवताना नजर बाकावरच्या कार्डाकडं गेली. निळी शाई, पुसट झालेली. ‘रा. रा. दस्तगीर मिस्त्री, मल्हारपेठ…’

अक्षर ओळखीचं होतं. ‘स्त’ची ती वाकडी दांडी अजूनही तशीच निघते त्यांच्या हातून.

ते तारेपाशी गेले. एक, दोन… अठरा. बाकावरचं धरून एकोणीस. सगळ्यांच्या कडा कापून कापून आत आलेल्या. पण कुठंही एका अक्षराला कात्री लागलेली नव्हती.

“ही… ही माझी पत्रं?”

“व्हय. पोस्टमन वाचून दावायचा. मला कुटं येतंय वाचाया? ह्या खोऱ्यातल्या समद्या गाड्यांत तुजा कागद जाऊन आलाय.”

शेडग्यांनी मान खाली घातली आणि आठही टॅपेट त्या पट्टीवर लावले.

इंजिन लागलं. टिक टिक टिक टिक, शिवणाच्या मशीनसारखं. सबंध शेडभर तो आवाज झाला आणि शेडग्यांना एकदम ते दिवस आठवले, जेव्हा रस्त्यावरून जाणारी गाडी कुणाच्या हातची आहे हे लोक घरात बसून सांगायचे. ‘मिस्त्रीची गाडी गेली बघ.’ आवाजावरून सांगायचे!

“जा, कोयनेच्या पुलापतूर नेऊन आन.”

“तुम्ही पण चला.”

उस्ताद शेजारी बसले. येताना चढावर गाडीनं खेचलं आणि शेडग्यांचा दुसरा प्रश्न तोंडातून सुटला.

“घमेल्यात व्हॉल्व्ह एक केले म्हणून हाकललंत ना मला?”

“कसलं घमेलं?”

“हिचेच हो! आठही व्हॉल्व्ह मी… तुम्ही दोन दिवस जुळवत बसला होता…”

उस्तादांनी कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. शेडग्यांना हसावं की रडावं कळेना. बत्तीस वर्षं जे घमेलं डोक्यावर वाहिलं, ते ह्या माणसाच्या गावीही नव्हतं!

“मग का?”

गाडी शेडसमोर येऊन थांबली. शेडग्यांनी बॉनेट उघडलं.

“बॉनेट लावायच्या आदी तू काय म्हनायचास?” उस्तादांनी विचारलं.

शेडग्यांना आठवायला वेळ लागला नाही.

“‘उस्ताद, एकदा बघा ना.’”

“धा गाड्या, धा येळा. मी जेवाय बसलेला आसू, न्हायतर नमाजाला…”

“अहो, पण एक ओळ धाडायची! एक ओळ! मी अनवाणी पळत आलो असतो.”

“ठावं हाय.”

फणसाचं एक पान उघड्या इंजिनवर पडलं. उस्तादांनी ते उचलून बाजूला टाकलं.

“म्हनूनच न्हाय धाडली.”

शेडग्यांचे डोळे भरून आले. एवढा पन्नाशीचा माणूस, पण त्यांनी ते पुसलेही नाहीत. उस्तादांनी खिशातून ती दुमडलेली पट्टी काढून त्यांच्यापुढं धरली.

“आता घाल बघू.”

इंजिन चांगलं तापलेलं होतं. शेडग्यांनी वरचं झाकण काढलं आणि चटका सोसत पट्टी, जिथला व्हॉल्व्ह जळायचा त्या तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटखाली लावली.

“जात नाही.”

“उलगड.”

त्यांनी घडी मोडली. एकेरी कागद अलगद, दोन्ही बाजूंना घासत, आत गेला.

“एकेरी जातेय, उस्ताद.”

“हं.”

उस्तादांनी पट्टी परत घेतली आणि ते शेडमध्ये गेले. शेडग्यांनी झाकण लावलं, बोल्ट आवळले, बॉनेटला हात घातला. आणि बत्तीस वर्षांत जे कुणाला विचारलं नव्हतं, ते आपोआप ओठांवर आलं.

“उस्ताद, एकदा बघा ना.”

उस्ताद वळले नाहीत. पाठमोरेच उभे राहून त्यांनी बाकावरचं ते कार्ड पुन्हा तारेत ओवलं. त्याला वेळ लागला…

शेडग्यांनी बॉनेट लावलं. त्याचा आवाज ऐकल्यावरच उस्ताद बोलले.

“इसावं कार्ड लिवलं न्हाईस, दिग्या. कडा सपत आल्यात.”