एकही तक्रार नाही

“…मग वर्षभरात एकही तक्रार आली नाही, याला चांगलं नाही तर काय म्हणायचं, आक्का?”

मकरंद तेंडोलकर एका विमान कंपनीत सुरक्षेचे मोठे अधिकारी होते. मठात आले, की आक्कांसमोर जमिनीवरच बसत. आजही बसले होते. बोलणं मात्र खुर्चीतलं होतं.

आक्का पावटे सोलत होत्या.

“तक्रार कसली रे?”

“विमानात काही धोक्याचं दिसलं, की आमचा कुणीही माणूस ते गुपचूप कळवू शकतो. मेकॅनिक असो, हवाईसुंदरी असो. कळवणाऱ्याचं नाव फुटत नाही. ही सोय मी सुरू केली.”

“आणि कुणी कळवतच नाही?”

“कळवण्यासारखं उरलंच नाही काही!” तेंडोलकर हसले. “सत्कार झाला माझा त्याबद्दल. शाल दिली, नारळ दिला.”

“आधी कळवायचे?”

“एकदाच. ब्रेक झिजलेले असताना विमान सोडलं, असं कुणीतरी कळवलं होतं.”

“कुणी?”

“नाव गुप्त असतं, आक्का. तेच तर सांगतोय.”

“बरं. सध्या कुठे असतं ते माणूस?”

“ती? ती स्टोअरला आहे, सामान मोज…”

तेंडोलकर थांबले.

आक्कांनी पदर ओढून तोंड पूर्ण झाकून घेतलं.

“मी कोण?”

“हे काय, आक्का! तुम्हीच.”

“तोंड तर झाकलंय.”

“अहो, पण आवाज? हात? आणि खोलीत दुसरं आहेच कोण?”

…



तेंडोलकरांनी मान खाली घातली.

“त्या पाळीला मेकॅनिक म्हणून हेमलता एकटीच होती,” ते हळूच म्हणाले. “वरच्यांनी फार विचारलं. मी नाव नाही सांगितलं, आक्का. शपथेवर सांगतो. मी फक्त पाळी सांगितली.”

आक्कांनी पदर खाली घेतला. परात पुढे ओढली.

“चांगली होती कामाला?”

“तिच्यासारखा हात नव्हता कुणाचा.”

“मग? काय म्हणाली पोर?”

“काही नाही.” तेंडोलकरांनी सांडलेलं एक टरफल उचललं. “तिच्यानंतर कुणीच काही म्हणालं नाही.”

…

आक्का शेंगा सोलत राहिल्या.

शेवटी तेंडोलकर उठले. वाकून नमस्कार केला.

“अंगारा द्या थोडा. लेक येतेय दिल्लीहून. नातीला घेऊन, एकटीच.”

आक्कांनी कागदात अंगारा बांधला.

“तुझ्याच विमानानं येत असेल.”

“नाही. रेल्वेनं.”

“अगंबाई! एवढ्याशा पोरीला घेऊन? तुला तर पास असेल फुकटचा.”

“आहे.”

“मग लेकीला विमानाची भीती वाटते का?”

“तिला नाही वाटत. ती तिकीट काढायलाच निघाली होती.”

तेंडोलकरांनी पुडी खिशात घातली. परत बाहेर काढली. मुठीत घट्ट धरून उभे राहिले.

“मीच म्हटलं तिला… रेल्वेनं ये.”

आक्कांनी पुढची शेंग उचलली.

“मग यंदा एक तक्रार आली म्हण की.”