बाबा फेऱ्यात थांबले

"पण बाबा, मधेच का थांबता?"

दौलतगीर बाबा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दाणे तोंडात टाकले, टरफलं बाजूला सारली.

"कुठं थांबतो?"

"फेऱ्यात. गेल्या पुण्यतिथीला किती ठिकाणी थांबलात... सगळ्या गावानं पाहिलं."

"पाहू दे की. पाहायलाच येतात ते."

विश्वंभर टरफलं गोळा करू लागला. तो बाबांचा पट्टशिष्य. हुशारीत त्याचा हात धरणारा मठात दुसरा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा त्यालाच जरा जास्त ठाऊक होती.

मठाची रीत जुनी. मूळपुरुषाच्या पुण्यतिथीला महंतानं पेटता दिवा हातात घेऊन समाधीभोवती फेरा घालायचा आणि होऊन गेलेल्या सगळ्या गुरूंची नावं ओळीनं घ्यायची. दिवा विझता कामा नये, नाव चुकता कामा नये. ज्याला हे झेपेना, त्यानं महंतपदाची चादर पुढच्याच्या खांद्यावर घालायची.

बाबांनी उभा जन्म हा फेरा हसतखेळत घातला. पण हल्ली काहीतरी बिनसलं होतं. चालताना कुणी काही विचारलं, तर उत्तरच नाही. फेऱ्यात एक नाव घेत, मग उभेच राहत. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं गाव बोलू लागलं. विश्वंभरनं ते इमानेइतबारे पंचांच्या कानावर घातलं, आणि पंचांनी ठरवलं की उद्याच्या फेऱ्यात नाव अडलं, तर चादर तिथल्या तिथं उतरवायची.

"डॉक्टर काय म्हणाले?" विश्वंभरनं विचारलं.

"म्हणाले, गवंड्याकडं पाणसळ असते ना, भिंत सरळ आहे का बघायला, तशी माणसाच्या कानात आत असते. माझी बिघडली."

"म्हणजे चक्कर येते. पण चक्कर आली म्हणून माणूस नावं विसरतो होय?"

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली. "सोनाआत्या, जरा या बाहेर. याच्याशी फुगडी घाला."

मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या सोनाआत्या पिठाचे हात पुसत आल्या. साठी उलटलेली बाई, पण अंगानं खणखणीत. त्यांनी आधी बाबांकडं पाहिलं, मग विश्वंभरकडं.

"याच्याशी? या शहाण्याशी?"

"त्याच्याशीच. चांगली दणक्यात घाला."

गुरूची आज्ञा. विश्वंभर कानकोंडा होऊन उभा राहिला. आत्यांनी त्याचे हात धरले, पाय जुळवले, आणि जी काय फुगडी धरली म्हणता, की भल्या माणसाचं उपरणं उडून तुळशीवर पडलं. आत्या लहानपणापासून फुगडीतच वाढलेल्या. हा पोथीत वाढलेला.

"पुरे," बाबा म्हणाले. "विश्वंभर, चाल आता. तुळशीपर्यंत जा. जाता जाता नावं घे."

"आनंदगीर," विश्वंभर निघाला. "सुखदेवगीर... मोतीगीर..."

अंगण उजवीकडून वर आलं. त्यानं पाय रोवला. पुढचं नाव काय? मुंज झाली तेव्हापासून रोज घेतलेलं नाव. तो पाय सावरायला गेला तर नाव गेलं, नाव धरायला गेला तर पाय गेला. शेवटी त्यानं ओट्याचा खांब कवटाळला आणि खालीच बसला.

कुणी हसलं नाही. आत्यासुद्धा नाहीत.

"थांबेल आत्ता," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तुझं अंगण थांबेल."

विश्वंभरनं मान वर केली.

"आणि तुमचं?"

बाबांनी दुसरी शेंग फोडली.

विश्वंभर अजून खांबालाच धरून होता. हा माणूस या असल्या फिरत्या अंगणातून रोज पहाटे नदीवर जातो. भरली घागर घेऊन वर येतो. आल्यागेल्याची विचारपूस करतो. आणि आपण पंचांना काय सांगून आलो? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि समोरच्या वाळक्या म्हाताऱ्याचं इतकं कौतुक दाटून आलं की डोळे भरले.

"बाबा, उद्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चला."

"एवढ्यात खांदा द्यायची घाई नको. शेंगा खा."

दुसऱ्या दिवशी समाधीभोवती माणूस मावत नव्हता. बाबांनी दिवा उचलला. डोळे पुढच्या फरशीवर. एक पाऊल, एक नाव. मग उभे. पुन्हा पाऊल, पुन्हा नाव. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

तिसऱ्या कोपऱ्यावर बाबा वळले आणि थांबले.

दिव्याची ज्योत हलली...

बाबांचे ओठ मिटलेले. कुणीतरी च् च् केलं. पुढचं नाव विश्वंभरच्या जिभेवर नाचत होतं, नुसतं पुटपुटलं असतं तरी बाबांच्या कानी गेलं असतं. त्यानं दात घट्ट मिटले. शेजारचे म्हातारे पंच चादर उतरवायला उठू लागले, तसं त्यानं त्यांचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं.

"अरे, विसरले ते," पंच कुजबुजले.

"बसा हो काका," विश्वंभर म्हणाला. "ते चालताहेत."

पंचांना काही उमगलं नाही, पण ते बसले.

बाबांचा डावा पाय फरशीवर सावकाश टेकला. खांदे सैल झाले. ज्योत सरळ झाली.

"भवानगीर," बाबा म्हणाले, खणखणीत आवाजात.

पुढची सगळी नावं आली. ओळीनं, एकही न गाळता. दिवा जागेवर पोचला आणि चादर बाबांच्याच खांद्यावर राहिली.

गर्दी पांगल्यावर विश्वंभरनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि पाय धरले.

"बाबा, त्या कोपऱ्यावर जीव टांगणीला लागला होता माझा. इतका वेळ... भवानगीरांचं नाव आठवत होतात?"

बाबा पाणी प्याले.

"नाव तर तोंडातच होतं रे. जमीन आठवत होतो."