अर्धा इंच लांब

"पण बुवा, माप नेमकं घ्यायचं कुठे? बेंबीवर की बेंबीच्या खाली?"

सोमगीरबुवा ओसरीवर बसून ताटात ज्वारी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पँट घालणार कुठं?"

"बेंबीच्या खाली."

"मग तिथं घे."

उत्तर इतकं सोपं होतं की इंद्रजितला ते पटेना. सोपं काही त्याला एकदम पटतच नसे.

बालाघाटच्या डोंगरातल्या या लहानशा मठात तो आला त्याला बरीच वर्षं झाली होती. नोकरी सोडून आला होता. मधे एकदा भगवी लुंगी नेसून कराडला घरी गेला, तर वडिलांनी दारातच अडवलं. "या वेषात या घरात पाऊल टाकायचं नाही," नाना म्हणाले. इंद्रजितने वाद घातला नाही. तो तसाच मागे फिरला आणि पुन्हा कधी गेला नाही. त्याला याचा अभिमान होता. फक्त तो त्याला विरक्ती म्हणायचा.

मग ताईचा फोन आला. नानांचं एक अंग लुळं पडलं होतं. बोलणं तुटक झालं होतं. "दाराची कडी वाजली की मान वळवून बघतात," ताई म्हणाली. "येशील का?"

"येतो," तो म्हणाला.

आणि त्याच संध्याकाळी, मठात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते म्हणून तिथे उभा राहून, त्याने जीन्सची ऑर्डर दिली. लुंगीवर जायचं नाही हे तर ठरलंच होतं. दुकानातली तयार पँट त्याच्या उंच, काटकुळ्या अंगाला कधी बसली नव्हती. कंबर बसली तर पाय तोकडे. म्हणून मापं पाठवून शिवून मागवायची. बेत तसा वाईट नव्हता.

पहिली जीन्स कमरेत सैल निघाली. त्याने आठवणीतलं जुनं माप दिलं होतं आणि मठातल्या भाकरीने ते केव्हाच उतरवलं होतं. दुसरी मांड्यांत आवळ झाली, कारण मोजताना टेपच त्याने आवळून धरली होती. कंपनी भली होती. न कुरकुरता परत घ्यायची, पुन्हा शिवून द्यायची. फक्त दरवेळी पंधरवडा जायचा.

बुवांना विचारून घेतलेल्या मापाची तिसरी जीन्स पायथ्याच्या किराणा दुकानात येऊन पडली, ती इंद्रजितने धावत जाऊन आणली. मठात आरसा नव्हता. त्याने मोबाईल खिडकीत उभा केला, पुढून, मागून, बाजूने स्वतःला बघितलं. कमरेत बोटभर जागा होती. मांडीला चुणी पडत नव्हती.

"झ्याक बसली की," बुवा म्हणाले.

"अर्धा इंच लांब आहे."

"दुमड."

"दुमडलेली पँट घालून नानांसमोर जाऊ? परत पाठवतो. आणखी पंधरा दिवस, बस."

बुवांनी ज्वारीचं ताट पुढ्यात ओढलं.

"तुम्हाला नाही कळायचं, बुवा. एवढ्या वर्षांनी जायचं तर नीट जायला हवं. काही कमी राहायला नको."

"व्हय... कमी नको राहायला."

इंद्रजितने जीन्स काढली, घडी करून ओसरीवर ठेवली, आणि परत पाठवायचं कळवायला टाकीकडे गेला. रेंज येत-जात होती. काम काही झालं नाही.

वैतागून परत आला तर ओसरीवर जीन्स नव्हती.

बुवा आतून बाहेर आले. जीन्स त्यांनी घातली होती. बुवा ठेंगणे, त्यामुळे पँट पायाखाली लोळत होती. कमरेला दोरीचा तुकडा बांधला होता आणि खांद्याला झोळी होती.

"हे काय, बुवा?"

"कराडची गाडी कुठनं मिळती?"

"तुम्ही कुठे निघालात?"

"नानांकडं. जीन्स घालून कुणीतरी दारात उभं राहायला पाहिजे ना? जातो मी."

इंद्रजितला हसू आलं. बुवा मात्र हसले नाहीत. एका हाताने कंबर सावरत ते पायऱ्या उतरू लागले.

"अहो, केवढी ढगळ होतेय ती तुम्हाला."

"त्यांनी मान वळवली तर पँट बघतील व्हय?"

इंद्रजितचं हसू थांबलं.

खालच्या पायरीवर बुवा वळले. "एवढं सांगून ठेव मला. कुठं होतास रे इतके दिवस, असं म्हणाले, तर काय सांगू?"

"सांगा की..."

मठात येणाऱ्या कुणाच्याही प्रश्नाला इंद्रजितकडे उत्तर तयार असायचं. आता मात्र तो पायरीवर बसला. त्याला भीती वाटत होती. ताईचा फोन आला त्या दिवसापासून वाटत होती, आणि इतके दिवस तो त्या भीतीला कंबर, मांडी, उंची अशी नावं देत होता.



"काढा ती," तो शेवटी म्हणाला. "मला घालू द्या."

बुवांनी आडोशाला जाऊन जीन्स बदलून दिली. इंद्रजितने ती घातली. खालचा अर्धा इंच आत दुमडला. बुवांच्या पाया पडला, झोळी घेतली, आणि दोन पायऱ्या उतरून थांबला.

"बुवा... आणि त्यांनी घरात घेतलंच नाही तर?"

बुवांनी ज्वारीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं होतं.

"मग दारात बसून राहा. पँट नीट बसली का, ते उभ्यानं कळत नाही."